कुत्र्याचं औषध

आबा,

गेल्या महिन्यापासून मलाही ती गोळी सुरू झालीय. अगदी तीच नव्हे, तिच्याच खानदानातली, तिच्या मागून आलेली. सकाळी चहाच्या आधी एक. लिहून देणारा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळं बिचारा अवघडला होता. "मॅडम, तुम्हाला मी काय सांगायचं," असं म्हणत राहिला. मी म्हटलं, सांग बाबा, मला काहीच कळत नाही असं समजून सांग. घरी येऊन पाण्याचा पेला भरला, गोळी तळहातावर घेतली आणि तशीच बसून राहिले. तुमची आठवण तशी रोजच येते. ही वेगळी होती.

तुम्ही ती गोळी एकाएकी सोडलीत आणि पाचव्या दिवशी गेलात. चुलते म्हणाले, माणूस पहिल्यापासून हट्टी. भावकी म्हणाली, देवानं नेलं, चांगल्या दिवसांत नेलं.  त्यात तुमचा हट्ट किती आणि माझी चूक किती, हा निवाडा मी इतकी वर्षं पुढं ढकलत आले. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी आता पुष्कळ पुढं आलेय. शहराचं नाव बदललं, हर्सूलच्या तळ्यापर्यंत घरं झाली, आपले क्वार्टर पाडून तिथं गाड्या लावतात. आता आणखी कशाची वाट बघायची, म्हणून आज कागद घेऊन बसलेय.

तुम्ही कॉलेजात कसे लागलात ते मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आजोबांची मेंढरं पांगली, निम्मी गेली, उरली ती चुलत्यांनी सांभाळली आणि तुम्ही शहराची वाट धरलीत. आधी पडेल ती मजुरी, मग डॉक्टरकीच्या कॉलेजचं बांधकाम निघालं तिथं विटा वाहणं. इमारत उभी राहिली, पोरं शिकायला लागली, आणि एक दिवस औषधशास्त्राच्या सरांना प्रयोगासाठी कुत्रं हवं होतं. फास घेऊन गेलेली दोन माणसं चावून घेऊन परत आली. तुम्ही नुसते उकिडवे बसलात, हात पुढं केलात, जिभेनं मेंढक्यांचा तो आवाज काढलात, आणि कुत्रं शेपूट हलवत चालत आलं. सर म्हणाले, हा माणूस मला पाहिजे. ही गोष्ट सांगताना तुम्ही सुरुवातीला हसायचात. पुढं पुढं तुम्ही ती सांगायचं बंद केलंत. का बंद केलंत ते मी कधी विचारलं नाही.

कुत्री आणण्याखेरीज तिथं तुमच्याकडं आणखी तीन कामं होती. तळ्यावरून पोत्यात बेडूक आणायचे, जनावरांना खाऊ-पिऊ घालायचं आणि काजळी धरायची. काजळीचं काम तुमच्या हातचं म्हणजे नाव घेण्यासारखं होतं. त्या काळी हृदयाचे ठोके न् रक्ताचा दाब कागदावर उमटवायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. फिरत्या ड्रमवर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, तो धुरकट ज्योतीवर गरगर फिरवून काळाभोर करायचा, मग त्यावर काटा टेकवला की काळ्यात पांढरी रेघ उमटत जाते. बाकीच्या शिपायांचा कागद कुठं जाड कुठं विरळ व्हायचा, कधी जळायचासुद्धा. तुमचा कागद भाकरी भाजावी तसा सगळीकडून सारखा. प्रयोग झाला की तो सोडवून लाखेच्या पाण्यात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा, म्हणजे रेघ पुसत नाही. माझ्या लहानपणीचे कपडे वाळत घातलेले मला आठवत नाहीत, ते कागद आठवतात.

आई मी चार वर्षांची असताना गेली, त्यामुळं आपलं स्वयंपाकघर तुमचंच होतं. एक खोली, पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात चूल. भाकरीला काजळी लागू नये म्हणून तुम्ही चिंचेच्या कोळानं हात घासायचात, तरी नखांत काळं राहायचंच. मी चुलीपाशी बसून मोठ्यानं अभ्यास करायची. शाळेचा करायची तेव्हा तुम्ही नुसते हं हं करायचात. पण डॉक्टरकीला लागल्यावर मी वाचायला लागले आणि तुमचा भाकरी थापणारा हात मध्येच थांबायला लागला. मी वाचतेय, अमुक नस चेतवली की हृदयाचे ठोके मंदावतात. तुम्ही म्हणताय, "व्हय, मंदावतेत. जास्त चेतवली तर काळीज थांबतंच. मंग आपसूक परत चालू व्हतंय. मी पाह्यलंय." मला हसू येतंय, आणि परीक्षेत तोच प्रश्न येतोय. पुस्तकातलं निम्मं तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं होतं, नावं तेवढी तुम्हाला ठाऊक नव्हती.

मला प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही पेढे आणले नाहीत. विभागातून एक गुंडाळी घेऊन आलात. बेडकाच्या हृदयाची रेघ होती ती, वीतभर लांब, एकेक ठोका जोंधळ्याच्या ओळीसारखा नीट उभा. "काजळी म्या धरली, लाख म्या दिली. रेघ त्या जिवाची हाय," म्हणालात. "आपल्यापाशी द्यायला दुसरं काय हाय? ठिव." सही करताना तुमचा अंगठा लागायचा, आणि मला द्यायला तुम्ही ही लेखी वस्तू आणली होती. मी ती दाखवत हिंडले नाही. ट्रंकेत तळाशी ठेवली, कारण वर्गातल्या मुलींना ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं.

हे आता लिहिताना मान खाली जाते, पण सांगते. कॉलेजात तुम्ही माझे वडील आहात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. पहिल्याच आठवड्यात क्वार्टरच्या दारात तुम्ही म्हणालात, "तिथं म्या तुझा बाप नाय. तिथं तू बाई हाईस आन् म्या शिपाई. तुला सोयीचं पडंल." आणि खरोखरच तुम्ही मला इतर मुलींसारखं बाई म्हणायला लागलात. तुमच्या तोंडचा तो शब्द मला बोचायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षी कुत्र्यावरचा प्रयोग आला. मोठं टेबल, भूल दिलेलं कुत्रं, मानेतल्या रक्तवाहिनीतून नळी पाऱ्याच्या काट्याला जोडलेली, आणि ड्रमवर तुमचा काळा कागद. सर एकेक औषध टोचत जायचे. एकानं ठोके धावायला लागायचे, काटा थरथरत राहायचा. मग ते नवं औषध यायचं, त्या काळी नवंच होतं ते, आणि त्यानंतर तेच पहिलं औषध पुन्हा टोचलं तरी हृदय ढिम्म. ठोके विरळ, रेघ शांत. सर म्हणायचे, बघा, नसांनी कितीही आरडाओरडा केला तरी आता हृदयाला ऐकू जाणार नाही. प्रयोगाच्या यादीत हे औषध सगळ्यात शेवटी असायचं. ते झालं की भुलीचं औषध वाढवत न्यायचे आणि कुत्रं संपायचं. एवढं कापल्यावर त्याला उठवणं म्हणजे हाल करणं, म्हणून. हे आम्हाला सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. दारापाशी उभ्या असलेल्या तुम्हाला कुणी समजावलं नव्हतं.

त्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण कशावरून तरी हसत होतो. कुत्र्यावरून नव्हे, दुसरंच काही. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होतात, मेंढराची नाडी बघतात तसा कुत्र्याच्या मांडीच्या आत हात ठेवून. तुम्ही मान वर केलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "ए पोरी, हसू नको. जीव चाललाय त्याचा." बाई म्हणाला नाहीत, पोरी म्हणालात. सर चमकले. मैत्रीण कुजबुजली, हा शिपाई तुला काय म्हणून बोलतो? मी म्हणाले, कोण जाणे. तुम्ही ऐकलं असेल. माझ्यापासून दोन हातांवर होतात तुम्ही.

मी शिकले, पास झाले, त्याच विषयात पुढचं शिकून दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही निवृत्त झालात. आपण भाड्याचं घर घेतलं आणि तुम्ही माझ्याजवळ राहायला आलात. जिना चढताना छाती दाटते, असं तुम्ही कधी म्हणाला नसतात. मीच एकदा तुम्हाला सहाव्या पायरीवर कठड्याला धरून उभं असलेलं पाहिलं. "जरा वारं खातोय," म्हणालात. जिन्यात कसलं आलंय वारं! दाब बघितला तर काटा माझ्या अंदाजाच्या कितीतरी वर. ओळखीच्या हृदयवाल्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी तपासलं आणि ती गोळी लिहून दिली. दाबही उतरेल, छातीचं दाटणंही थांबेल. मीही हीच लिहिली असती.

घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "नाव काय म्हनलीस?" मी सांगितलं. तुम्ही ते नाव तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलंत. विभागातल्या बाटल्या पुसून पुसून तुम्हाला सगळी नावं कानानं पाठ होती. मग तुम्ही गोळ्यांची पट्टी माझ्या हातात परत ठेवलीत.

"ह्ये तर कुत्र्याचं औषध हाय."

"आबा, माणसाचंच आहे. तिथं शिकवण्यापुरतं कुत्र्याला देतात."

"म्या काय येक दोन येळा पाह्यलं का? इतकी वर्षं पाह्यलं. ह्ये दिलं की संपलं. ह्याच्यामागून येक बी कुत्रं टेबलावरून उठलं नाय."

मी हसले, आबा. पोट धरून हसले. आणि तुमचा चेहरा बघून मग थांबले. तुम्ही गंमत करत नव्हतात. तुम्ही घाबरला होतात, आणि मी तुमची मुलगी ते औषध हातात घेऊन समोर उभी होते. मी तुम्हाला समजावलं, की कुत्री मेली ती भुलीच्या औषधानं, या औषधानं नाही. तुम्ही ऐकून घेतलंत, पण शेजारी शेजारी घडलेल्या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सुट्या होईनात. शेवटी मी म्हटलं, तुम्ही नसांचं ऐकलंय ना सरांकडून? डोक्याकडून हृदयाकडं नसा जातात. माणूस भ्यायला, चिडला, पळाला की त्या हुकूम सोडतात, जोरात चाल. तुमच्या अंगात तो हुकूम कारण नसताना सुटतोय. गोळी नसेला हात लावत नाही. हृदयाला जिथून तो हुकूम ऐकू जातो, ते दार तेवढं बंद करते.

"म्हंजी नस बोंबलतीय आन् काळीज भैरं?"

"हो. तसंच."

"मंग नस काय गप बसती व्हय? मेंढक्यानं ऐकलं नाय तर राखणीचं कुत्रं आनखी भुकतंय."

 मी चिडून म्हणाले, "मी एवढं शिकले ते कशासाठी? तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" हे बोलायला नको होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, पट्टी परत घेतलीत आणि म्हणालात, "तुझ्यावर नाय तर कुनावर? तू देतीस तर घेतो." आणि घेतलीत. पहिले काही दिवस मनगटाची नाडी धरून बसायचात, "लई इरळ झाली गं, मेंढरू जाया लागलं की अशीच व्हती," म्हणायचात. मग सवय झाली. जिना न थांबता चढायला लागलात. दाब उतरला. एकदा संध्याकाळी गच्चीवर बसलेले असताना आपणहून म्हणालात, "लई दिसानं छाती मोकळी वाटती." मला त्या दिवशी डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसलेय.

ही गोळी एकदम सोडायची नसते. सोडायचीच तर हळूहळू कमी करत, आठवडा-दोन आठवडे घेऊन, आणि छाती दाटणाऱ्या माणसानं तर फारच जपून. हे तेव्हा पुस्तकांत आलेलं होतं. मी ते माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून शिकवत होते. जगात ज्याला ज्याला ती गोळी द्याल त्याला आधी हे सांगा, असं बजावत होते. आणि तुम्हाला सांगितलं नाही. विसरले नाही, आबा. मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही पट्टी हातात परत घेतलीत तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. कारण मला माहीत होतं तुम्ही काय म्हणाल. "म्हंजी सुरू केली की मागं फिरता येत नाय? गळ्यातलं दावंच की ह्ये." आणि पट्टी पुन्हा माझ्या हातात आली असती. मनाशी म्हटलं, आधी लागू तर दे, रुळू तर दे, मग सांगू. तुम्ही रुळलात. मग सांगायचं कारण उरलं नाही असं मला वाटलं. तुम्ही रोज माझ्या डोळ्यांदेखत गोळी घेत होतात.

पहिल्या वर्षी खंडोबाच्या नवरात्रात तुम्ही विचारलं होतंत. चंपाषष्ठीपर्यंतचे ते सहा दिवस तुम्ही साऱ्या जन्मात मोडले नव्हते, अनवाणी, एक वेळ जेवण, आणि सटीच्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून आधी कुत्र्यांना घास. तुम्ही देवापुढं दिवा लावता लावता पाठमोरेच म्हणालात, "हे सा दिस गोळी नाय घेतली तर चालंल का?" तेव्हाही सांगायला दार उघडं होतं. मी म्हणायला हवं होतं, नाही चालणार, जिवावर बेतेल, आणि ते असं असं. मी म्हणाले, "देवाला काय गोळीचा विटाळ होतो का? घ्या मुकाट्यानं." तुम्ही घेतलीत. का विचारताय एवढं तरी मी विचारायचं होतं. मला कॉलेजला उशीर होत होता.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर चुलत्यांचा निरोप आला. मेंढरं वैजापूरकडं खतासाठी शेतात बसवायला घेऊन निघालोय, दोन महिने चल, मोकळ्या हवेत बरं वाटेल. तुम्ही लहान पोरासारखे खूश झालात. मी दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या. स्टँडवर तुम्ही खिडकीतून विचारलंत, "रोज घ्यावीच लागती ना?" मी म्हणाले, "रोज." तुम्ही म्हणालात, "बरं." बस सुटली. माझं तुमच्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे असं दोन शब्दांचं आहे.

तिथल्या शेतात भर दुपारी तुम्ही मेंढरांना पाणी पाजून आलात, घोंगडीवर बसलात, छातीला हात लावलात आणि आडवे झालात. चुलत्यांनी बैलगाडी जोडली, पण वैजापूर गाठेपर्यंत तुम्ही नव्हतात. मी पोचले तेव्हा चुलते रडत रडत रागावत होते. "म्या म्हनलं, पोरगी डॉक्टर हाय तुझी, खा की गोळी. तर म्हनला, नवरात्र हाय. म्हनला, ज्या औषधावर कुत्री मारली त्ये देवाच्या म्होरं तोंडात कसं घालू? त्या कुत्र्यास्नी म्याच बोलावून आनलं व्हतं. म्हनला, सा दिस नाय खात, सटीला कुत्र्यास्नी घास घालतो आन् मंग परत सुरू करतो. तेवढ्यानं काय व्हतंय?"

तेवढ्यानं काय होतंय! तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं आणि तुम्ही साऱ्या नोकरीभर त्याच्याच जातीला हाक मारून टेबलापर्यंत नेलंत. हे ओझं तुम्ही किती वर्षं वाहत होतात ते मला त्या शेतात, तुम्ही गेल्यावर कळलं. माझ्यासाठी ती दाबावरची गोळी होती. तुम्ही दर सकाळी माझ्या शब्दाखातर तुमच्या मनाविरुद्ध ती गिळत होतात. पाचच दिवस तुम्ही स्वतःचं ऐकलंत.

पुष्कळ वर्षांनी एका परिषदेत मी नसेचा आवाज ऐकला. पायातल्या नसेत केसाहून बारीक सुई घालून ती काय बोलते ते यंत्रावर मोठं करून ऐकवतात. वारा पत्र्यावर आपटून मागं फिरावा तसे झोत येतात, थांबतात, पुन्हा येतात. पुढं बोलणाऱ्यानं सांगितलं, ही गोळी पहिल्यांदा पोटात गेली, दाब खाली आला, की नस गप्प होत नाही. उलट आणखी जोरानं बोलायला लागते. पुढं काही आठवडे नेमानं घेतली तर मात्र तीही हळूहळू निवते. मी मागच्या रांगेत बसून रडले. शेजारच्या बाईंना वाटलं मला बरं नाही. मला एवढंच दिसत होतं की हे तुम्ही चूल फुंकल्यासारखं सहज बोलून गेला होतात, आणि मी तुम्हाला दटावून गप्प केलं होतं. तुमच्याच भाषेत सांगते, आबा, उरलेलंही ऐका. काळजाला फार दिवस भैरं ठेवलं की त्याला जास्तीचे कान फुटतात. मग गोळी अचानक थांबली की त्या सगळ्या कानांवर नसेचं साधं बोलणंसुद्धा आरोळीसारखं आदळतं. चाल म्हटलं की ते ऊर फुटेस्तोवर धावतं. तुमचं तेच झालं. हे समजायला तुम्हाला दोन भाकऱ्या भाजायला लागतात तेवढाही वेळ लागला नसता.

आता मी चिकलठाण्याकडं एका नर्सिंग कॉलेजात आठवड्यातून दोन तास घेते. मुली खेड्यापाड्यांतून आलेल्या, चुणचुणीत. हा धडा आला की मी तुमची गोष्ट सांगते. सगळ्या नोकरीभर सांगत आले. "एक पेशंट होते, मेंढपाळ, शिकलेले नव्हते, त्यांनी देवाच्या नवरात्रात गोळी बंद केली आणि पाचव्या दिवशी गेले." पेशंट म्हणते, कुणाचे कोण ते म्हणत नाही. पोरींच्या डोक्यात ती गोष्ट पक्की बसते, फळ्यावरच्या दोन रेघांपेक्षा पक्की. गेल्या मंगळवारी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, त्यांना कुणी सांगितलं होतं का, एकदम सोडू नका म्हणून?" इतक्या वर्षांत हे विचारणारी ही पहिली. मी खडू खाली ठेवला. म्हणाले, "हो. सांगितलं होतं. ऐकलं नाही त्यांनी." आणि सगळ्या मुलींनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं.

तुम्ही माझं ऐकलं नाही असं कधी झालं, आबा? बाई म्हणायला लागलात तेही माझ्याच सोयीसाठी.

हे पत्र कुठं टाकणार, आणि टाकलं तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं. चुलत्यांची पत्रं यायची ती तुम्ही न उघडता माझ्याकडं आणायचात, समोर मांडी घालून बसायचात, आणि मी वाचून दाखवायची. मेंढरू मेलं, चुलती आजारी, असलं काही आलं की मी तेवढ्या ओळी गाळायची आणि खालचा नमस्कार वाचायची. तुम्हाला कधी कळलं नाही, की कळून तुम्ही गप्प राहायचात, ते मला ठाऊक नाही. हे पत्रही तुम्ही माझ्याच हातात दिलं असतंत. ते वाक्य मी मुद्दाम गिळलं असं ज्या ओळीत लिहिलंय, ती ओळ मी वाचून दाखवली असती, असं मला आज छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.